पर्वतमातेचा झगा

१

सेल्वीकच्या सभागृहातलं काचेचं कपाट कोल्बेनने मोठ्या ऐटीत उघडलं आणि तो तसाच आ वासून उभा राहिला. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने डोळ्याला लावलेला कॅमेरा हळूच खाली घेतला. कपाटात पर्वतमातेचा झगा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सतरा जून, प्रजासत्ताकाचा वाढदिवस. दर वर्षी त्या दुपारी गावातली कुणी एक बाई तो पांढरा झगा घालायची, कमरेला चांदीचा पट्टा बांधायची, डोक्यावर सोनेरी मुकुट आणि झिरझिरीत ओढणी घेऊन देशाची आई म्हणून सगळ्यांसमोर उभी राहायची आणि कविता म्हणायची. ती कोण, हे ती बाहेर पाऊल टाकेपर्यंत कुणाला कळता कामा नये, अशी रीत होती. निवड पाद्री करायचा आणि तोंडाला कुलूप लावून बसायचा.

कोल्बेनने फोन केला तो थेट हाल्दोराला. हाल्दोराचं आयुष्य उत्तरेकडच्या मोठ्या शहरात पोलिसात गेलं होतं. निवृत्त होऊन ती गावी परतली, तेव्हापासून मेंढ्या पाळत होती. ती आली ती गोठ्यातल्या रबरी बुटांनीच.

"चोरी!" कोल्बेन तिच्यावरच ओरडला. तो मासळी कारखान्याचा व्यवस्थापक होता आणि उत्सव समितीचा अध्यक्षही. कुठेही गेला तरी आवाज मात्र यंत्रांच्या खडखडाटावर मात करायचा असल्यासारखाच लावायचा. "आपल्या आज्यांनी जपलेली वस्तू! आणि मला सांगायची गरजच नाही कुणी नेली ते. आठवडाभर ते परके रंगारी इथं भिंती रंगवत होते."

"ते तुझ्याच कारखान्यातले कामगार आहेत. तूच त्यांना रंगवायला लावलंस," हाल्दोरा म्हणाली. "आणि जरा हळू बोल. कपाट बहिरं नाही."

तिने कुलूप पाहिलं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. किल्ल्या तिघांकडे असायच्या. एक कोल्बेनकडे, एक पाद्री आर्नोरकडे आणि एक गेर्दा मावशीकडे. झगा गेर्दाच्या आईने शिवला होता, म्हणून दर वसंतात तो बाहेर काढून वाऱ्याला टांगायचा मान गेर्दाचा.

मग तिने आत डोकावून पाहिलं. मुकुट आपल्या बैठकीवर झळकत होता. ओढणीही होती तिथेच. झग्यावर घालायचं मलमलीचं आच्छादन कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी करून ठेवलेलं होतं. गेला होता तो झगा आणि पट्टा. पट्ट्यावर देशाचे चार राखणदार कोरलेले होते, बैल, गरुड, नाग आणि राक्षस.

"संध्याकाळपर्यंत झगा मिळाला नाही तर मी घाटापलीकडून पोलीस बोलावणार," कोल्बेन म्हणाला. "आणि कामगारांच्या खोल्या उघडायला लावणार. एकूण एक."

हाल्दोरा गुडघ्यावर बसून कपाटाखालचा खण ओढत होती. तो खण कुणी कधी उघडायचं नाही, कारण त्यात काही मोलाचं नव्हतंच.

आता तर त्यात काहीच नव्हतं. ती खणाच्या तळाकडे बघत राहिली. मुकुट सोडून चोराने चिंध्या नेल्या होत्या.

२

चिंध्यांचं गुपित हाल्दोराला ठाऊक होतं, कारण एकोणिसाव्या वर्षी तीच पर्वतमाता झाली होती. त्या दिवशी वाऱ्याने झगा कुंपणाच्या तारेत अडकवला आणि घेर फाटला. तेव्हा गेर्दाच्या आईने याच खणातून उरलेल्या कापडाचं गाठोडं काढलं होतं. त्याच ताग्याचं, त्याच लोकरीचं. त्यातला तुकडा लावून तिने घेर असा सांधला, की त्यावर भरलेली पांढरी डोंगरफुलं एका पाकळीनेही चुकली नाहीत.

गावात काही विचारायचं असेल तर घरोघर फिरायची गरज नसते. तरणतलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसायचं, माणसं आपणहून बोलतात. हाल्दोरा पाण्यात उतरली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती.

"दरोडा पडला म्हणे," तलावाचा रखवालदार इंगी काठावरून म्हणाला. "आता तुम्ही बायका उद्या काय, मासेमारीचा रबरी डगला घालून कविता म्हणणार?"

"तुला घालू आणि उभा करू," गेर्दा मावशी म्हणाली. "दाढी तेवढी ओढणीखाली लपव." ती हाल्दोराच्या आईची चुलत बहीण. सत्तरी ओलांडली होती, पण तिच्या जिभेला अजून गंज चढला नव्हता. ती कुंडात खांद्यापर्यंत बुडून बसली होती. डावा हात मात्र तिने पाण्याबाहेर, काठावर ठेवला होता.

"मावशी, तुला वाईट नाही वाटलं?" हाल्दोराने विचारलं. "तुझ्या आईचा झगा."

"वाटून काय करू? रडू? पाणी आधीच गरम आहे." मग जराशाने ती म्हणाली, "मी तर नेहमी सांगत आले. तो झगा कुणाच्याही अंगावर चढवायचा नसतो. आईने घातला तेव्हा ती बर्चच्या कोवळ्या, शेलाट्या झाडासारखी दिसत होती. आताच्या पोरी काय, चालतात तरी का धड?"

"यंदा कोण आहे, अंदाज?" इंगीने डोळा बारीक केला. "कोल्बेनला वाटतंय त्याची लेक. मला वाटतं शाळेतली गाणारी."

"दिसेल उद्या," गेर्दा म्हणाली.

"पूर्वी इथं रोज सकाळी यावर पैजा लागायच्या," इंगी म्हणाला. "आता गर्दीच राहिली नाही. बालवाडीतली दनूताही येईनाशी झाली. ती असली की हसून हसून पाणी बाहेर सांडायचं. ईस्टरपासून पत्ता नाही तिचा. मी विचारलं तर म्हणाली, पोरं दमवतात."

गेर्दा एकदम उठली. "चला, मला कामं आहेत."

"कसली गं कामं?"

"म्हाताऱ्या बाईला कामं नसतात असं पोलिसात शिकवलं का तुला?" असं म्हणत तिने टॉवेल घेतला. डाव्या हाताची बोटं तिने टॉवेलात अशी गुंडाळली, की हाल्दोराला त्यावरचे लाल ठिपके नीट दिसले नाहीत. पण दिसले.

३

पाद्री आर्नोर चर्चच्या मागे बटाट्याचे वाफे खणत होता. हाल्दोराला बघून त्याने फावडं टेकवलं.

"नाव विचारू नकोस," तो म्हणाला. "ते मला, तिला आणि देवाला माहीत. तिघांपैकी कुणीही सांगणार नाही."

"नाव नको. तुझी किल्ली कुठंय?"

त्याने खिशातून जुडगा काढून दाखवला. "कुणाला दिली नाही. शपथ घ्यायची तर घेतो, माझा धंदाच आहे तो."

"निवड कधी केलीस?"

"फेब्रुवारीत. बर्फ होतं. संध्याकाळी तिला गुपचूप सभागृहात नेलं आणि झगा घालून बघायला सांगितला."

"आणि?"

"अंगाबरोबर बसला. जणू तिच्यासाठीच शिवला होता." आठवणीने त्याचा चेहरा उजळला. मग काळजीने पुन्हा पडला. "हाल्दोरा, ती उभी राहायलाच हवी. या गावात काही माणसं कित्येक वर्षं राहतात आणि तरी पाहुणीच ठरतात. मला यंदा ते..." तो थांबला. आपण बोलून चुकलो हे त्याच्या लक्षात आलं होतं.

हाल्दोराने न ऐकल्यासारखं केलं. तिच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींशेजारी येऊन बसल्या. चोराला सोनं नको होतं. डोक्याला कुणालाही बसेल असा मुकुट आणि ओढणी त्याने सोडली. ज्याला अंगाचं माप लागतं तेवढंच नेलं, आणि सोबत कापड नेलं. झगा फाडून टाकायला कुणी जास्तीचं कापड नेत नाही. कापड नेतात ते वाढवायला.

"आर्नोर, फेब्रुवारीत बसलेला झगा जूनमध्ये का बसू नये?"

पाद्री गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं.

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून कोल्बेनची मोठी गाडी धुरळा उडवत गेली. ती घाटाकडे वळली नाही. कामगारांच्या वसाहतीकडे वळली.

"संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणाला होता ना?" आर्नोर म्हणाला.

हाल्दोरा पळायला लागली होती.

४

वसाहतीसमोर लाकडी बाकांवर माणसं कॉफी पीत बसली होती. सुट्टीचा दिवस जवळ आला म्हणून कुणीतरी निळा-पांढरा-लाल झेंडा खिडकीत लावला होता. कोल्बेन पहिल्या दारासमोर उभा राहून किल्ल्यांचा जुडगा हलवत होता. खोल्या कारखान्याच्या होत्या, त्यामुळे किल्ल्याही त्याच्याकडे होत्या.

"ज्याने काही केलं नाही त्याला भीती कसली?" तो म्हणत होता. "पाच मिनिटांचं काम आहे."

"कोल्बेन!" हाल्दोरा धापा टाकत पोचली. "दारात किल्ली घातलीस तर चोरीची नाही, तुझी तक्रार मी नोंदवीन. कपाटाचं कुलूप फुटलेलं नाही. किल्ली यांच्यापैकी एकाकडेही नव्हती. चोराने सोन्याचा..."

ती बोलता बोलता थांबली. पुढचं बोलायचं नव्हतं, अजून नाही.

"मग कुणी नेला?" कोल्बेन म्हणाला. "किल्ली मी, पाद्री आणि तुझी मावशी यांच्याकडे. मी नेला? की पाद्रीने? बोल!"

"मी नेला."

बाकावरून एक उंच, खांदे पडलेला माणूस उठला होता. त्याच्या बोटांच्या पेरांत अजून पांढरा रंग होता. लेशेक, दनूताचा नवरा. तो वसाहतीत राहत नव्हता. टेकडीखाली त्यांचं स्वतःचं घर होतं. इथं तो दोस्तांकडे कॉफीला आला होता.

"लेशेक, काय बोलतोयस?" कुणीतरी त्याची बाही ओढली.

"मीच नेला. या लोकांच्या खोल्या उघडू नका. त्यांनी काही केलं नाही." तो कोल्बेनकडे बघत होता, पण डोळे पाणावलेले होते.

कोल्बेनचा चेहरा विजयाने फुलला. "बघ! बघ, हाल्दोरा!"

हाल्दोरा लेशेकच्या अगदी जवळ गेली. "मुकुट कुठं ठेवलास?"

"मुकुट..." तो अडखळला. "झग्याबरोबरच. बोटीच्या शेडमध्ये लपवलाय. सगळंच."

"मुकुटाचा खडा निघाला का रे, ओढून काढताना?"

"निघाला. एक."

"कोल्बेन," हाल्दोरा वळून शांतपणे म्हणाली, "मुकुट कपाटात आहे. तू सकाळी स्वतः पाहिलास. त्याला खडा नाही, कधी नव्हताच. या माणसाने कपाट उघडलेलं नाही. काय गेलं आणि काय राहिलं, एवढंसुद्धा याला ठाऊक नाही."

कोल्बेनचा हात जुडग्यासकट खाली आला. "मग खोटं का बोलतोय हा?"

"माणूस स्वतःच्या गळ्यात फास घालून घेतो तो कुणाला तरी वाचवायला." तिने लेशेकच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी जा. आणि मला सांगू नकोस काही. मी विचारतच नाहीये." मग कोल्बेनला म्हणाली, "मला अजून थोडा वेळ दे. तोवर इथंच बस. यांची कॉफी चांगली असते."

५

गेर्दा मावशीचं घर बंदरावरच्या रस्त्याला लागून होतं, आणि तिच्या दिवाणखान्याची खिडकी म्हणजे गावाचा पहारा. कोण कुणाबरोबर गेलं, कुणी नवी टोपी घेतली, सगळं तिथून दिसायचं. त्या खिडकीचा पडदा आजवर कुणी ओढलेला पाहिला नव्हता.

आज भर दुपारी तो ओढलेला होता.

हाल्दोराने दार ठोठावलं नाही, सरळ आत गेली. "मावशी, मी एकटीच आहे."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दिवाणखान्याच्या मधोमध एका बुटक्या स्टुलावर दनूता उभी होती. अंगात पांढरा झगा, केस मोकळे, चेहरा कागदासारखा. गेर्दा तिच्या कमरेशी गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या ओठांत टाचण्या होत्या. हाल्दोराला बघून तिने त्या एक एक करून हातावर काढल्या.

"सांगितलं होतं मी," ती दनूताला म्हणाली, "या पोरीचं नाक लहानपणापासून लांब आहे."

"तुम्ही मला पकडणार का?" दनूताने विचारलं.

"तुम्ही-बिम्ही काय? मी एकटीच आलेय ना," हाल्दोरा म्हणाली. "इथं सगळेच एकमेकांना तू म्हणतात. इतकी वर्षं झाली, अजून तुला तू म्हणता येत नाही." आणि मग ती खुर्चीवर बसली, कारण तिचे गुडघे पळून पळून दुखत होते. "मुकुट राहिला आणि कापड गेलं, म्हणून मला कळलं की झगा सैल करायचाय. फेब्रुवारीत तो बसत होता, म्हणजे अंग नंतर बदललं. ईस्टरपासून तू गरम कुंडात यायची बंद झालीस. पोटात बाळ असलं की दवाखान्यातली बाई पहिली तीच बंदी घालते. कापड त्या खणात असतं हे माहीत असलेली, किल्ली असलेली आणि लोकरीवर सुई चालवू शकणारी बाई या गावात एकच. तिची बोटं आज टोचून टोचून लाल झाली होती, म्हणून तिने हात गरम पाण्यात घातला नाही. उरलेलं लेशेकने सांगितलं."

"लेशेकने?" दनूता स्टुलावरून उतरलीच.

"तोंडाने नाही. चोरी आपल्या अंगावर घेतली त्याने. बिचाऱ्याला चोरी नीट करताही येत नाही."

दनूता रडत होती, पण हसतही होती. "याआधी दोनदा झालं," ती सावकाश म्हणाली. "दोन्ही वेळा मी लवकर सांगितलं. सगळं गाव केक घेऊन आलं, विणलेले मोजे घेऊन आलं. आणि मग नंतर... ज्या घरात जाईन तिथं लोक गप्प व्हायचे. मायेनेच गप्प व्हायचे, पण ते मला सहन व्हायचं नाही. म्हणून या वेळी कुणाला सांगितलं नाही. आणि परवा डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. तेव्हा मला वाटलं, एकदाच सांगावं. सगळ्यांना. या झग्यात उभं राहून. पण पट्टा लागणार नव्हता, हुकं लागणार नव्हती. माझ्याकडे आता फक्त दोन दिवस होते."

"आणि आली ती थेट माझ्याकडे," गेर्दा म्हणाली. "मी म्हटलं, चालती हो. झगा माणसासाठी बदलत नाही, माणसाने झग्यासाठी बदलायचं."

"मग?"

गेर्दाने दनूताला पाठमोरं केलं आणि झग्याची बाजूची शिवण उलटून हाल्दोरापुढे धरली. "बघ. पोलीस आहेस ना? बघ."

हाल्दोराने चष्मा लावला. नव्या टाक्यांच्या पलीकडे, कापडाच्या कडेला, सुईच्या बारीक छिद्रांची एक जुनी रांग होती. कुणीतरी फार पूर्वी शिवण तिथवर नेली होती आणि मग उसवून पुन्हा आत घेतली होती.

"सैल करायला जागाच नाही, हे हिला दाखवायला मी तो उलटा केला," गेर्दा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच अडखळला. "झगा शिवला त्या साली तो पहिल्यांदा घातला आईने. नंतर घालणाऱ्या सगळ्या चवळीच्या शेंगा, तुझ्यासकट. मग रुंद कुणासाठी झाला होता? त्या साली जूनमध्ये आई उभी राहिली. आणि ऑक्टोबरात मी जन्मले."

हाल्दोराने चष्मा काढला.

"आयुष्यभर मी सांगत फिरले, आई बर्चसारखी दिसायची म्हणून," गेर्दा म्हणाली. "तिने कधी एका शब्दाने खोडून काढलं नाही. मी होते गं त्या झग्यात. मी आत होते." तिने नाक पुसलं आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. "आता वर चढ. पट्ट्याचे चांदीचे तुकडे नव्या, लांब मखमलीवर शिवायचेत अजून. आणि तू, लांबनाकी, कॉफी टाक."

"मावशी, कोल्बेनला निदान सांगायचं तरी होतंस."

"उद्या सकाळी परत ठेवायलाच निघणार होते. हा मेला एक दिवस आधी छायाचित्रं काढायला जाईल हे मला काय स्वप्न पडलं होतं? आणि सांगितलं असतं तर विचारलं असतं ना, कुणासाठी. गुपित माझं नव्हतं."

६

कोल्बेन अजून वसाहतीतच होता. कुणीतरी त्याच्या हातात कप दिला होता, आणि तो बाकाच्या अगदी टोकाला, पाहुण्यासारखा बसला होता.

"झगा सुखरूप आहे," हाल्दोरा म्हणाली. "गेर्दाने आपल्या किल्लीने काढला, दुरुस्तीला. उद्या दुपारी पर्वतमातेच्या अंगावर दिसेल."

"दुरुस्तीला? मग सांगितलं का नाही? आणि लेशेक..."

"उद्या कळेल. आज कळलं तर तुझ्या उत्सवाची गंमत जाईल."

कोल्बेनने कॉफी संपवली. मग तो उठला. जुडगा खिशात टाकताना त्याने समोरच्या माणसांकडे पाहिलं. यंत्रांच्या खडखडाटात माफी मागायची सवय कुणालाच नसते.

"मी... चुकलो," तो म्हणाला. आवाज इतका हळू होता की मागच्यांनी एकमेकांना विचारलं, काय म्हणाला?

"चुकलो म्हणाला," पुढचा एक जण म्हणाला. "आणि ध्वजस्तंभ रंगवायचा राहिलाय, तो आता हाच रंगवणार, असं म्हणाला."

"तसं मी म्हटलं नाही!" कोल्बेन म्हणाला, आणि सगळे हसले. पण संध्याकाळी त्याच्या हातात ब्रश होता, आणि शिडी धरायला लेशेक होता.

सतरा जूनला नेहमीसारखाच वारा होता. पोरांच्या हातातले कागदी झेंडे फाटले, पॅनकेकवरची साखर उडून गेली, बँडमधल्या एकाची टोपी बंदरात पडली. सभागृहाचं दार उघडलं आणि पर्वतमाता पायरीवर आली.

बालवाडीतलं एक पोर किंचाळलं, "ती आपली दनूता आहे!" आणि मग मोठ्यांच्या नजरा मुकुटावरून खाली, ओढणीवरून खाली, चार राखणदार कोरलेल्या पट्ट्यावर आल्या. पट्टा गोल घुमटावर बसावा तसा बसला होता. गर्दीतून एक उसासा गेला. इंगीने दाढीवरून हात फिरवला आणि स्वतःशीच म्हणाला, "पोरं दमवतात म्हणे."

दनूता कविता म्हणू लागली. तिच्या बोलण्यात अजून तिच्या जुन्या देशाचा किंचित हेल होता. तिसऱ्या ओळीवर ती थांबली. लोकांना वाटलं, विसरली. कोल्बेन अस्वस्थ होऊन पुढे झुकला. पाद्री आर्नोरचे ओठ पुढचा शब्द पुटपुटू लागले.

"माफ करा," दनूता ध्वनिक्षेपकात म्हणाली. तिने एक हात पट्ट्यावर ठेवला होता. "थांबा जरा. आतून लाथ मारतंय."



"मारणारच!" पहिल्या रांगेतून गेर्दा मावशी ओरडली. "बाहेरच्या वाऱ्याची आत्ताच सवय करतंय ते. इथंच राहायचंय त्याला!"

हशाची लाट उठली आणि थेट बंदरापर्यंत गेली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डोळे पुसले. लेशेकने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. त्याच्या पाठीवर कोल्बेन इतक्या जोरात थाप मारत होता, की हाल्दोराला मध्ये पडावं लागलं.

दनूताने सगळे शांत होईपर्यंत वाट पाहिली. मग तिने कविता पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केली, आणि त्या थंडीतसुद्धा ती लवकर संपावी असं कुणालाच वाटलं नाही.